काचेच्या खोलीला गडद रंग लावू का?

पत्र:

ताई, घराच्या मागच्या अंगाला आमची एक काचेची खोली आहे, 12 फूट लांब आणि 9 फूट रुंद. तीन बाजूंना गुडघ्याच्या वर सगळी काच, चौथी तेवढी पक्की भिंत. तोंड पश्चिमेला, त्यामुळे दुपारी तीननंतर ऊन थेट आत येतं. आजवर ती अडगळीची खोली होती. आता मला तिथे संध्याकाळी बसायला, वाचायला जागा करायची आहे आणि मनासारखा गडद रंग लावायचा आहे. हळदीसारखा पिवळा की मोरपंखी, यात मन अडकलंय. घरचे म्हणतात, एवढ्या उजेडात गडद रंग भडक दिसेल, पांढराच लाव. त्यात मला जुन्या वस्तूंचा नाद. आजीची वेताची खुर्ची, रंगवलेली पत्र्याची ट्रंक, काचेच्या दारांचं लाकडी कपाट, डाग पडलेला आरसा, पितळी टेबललॅम्प, दोन लाकडी स्टुलं, आजी-आजोबांच्या काळातल्या फोटोंच्या अकरा फ्रेमा आणि आईचा रेशमी पडदा. सगळं आत नेऊन ठेवलं तर खोली गोदामासारखी दिसायला लागली. परवा नणंद म्हणाली, "हे दुकान कधी उघडणार?" मी हसून सोडून दिलं, पण मनाला लागलं. काय ठेवू, काय काढू आणि रंग कुठला लावू?

उत्तर:

तुम्ही रंगाचं वेगळं विचारलंत आणि वस्तूंचं वेगळं. माझ्या मते हा एकच प्रश्न आहे. तुमची खोली गोदामासारखी दिसते याला वस्तूंची संख्या थोडीफार कारण आहेच, पण खरं कारण त्यांच्या मागची फिकट भिंत आहे. फिकट भिंतीपुढे प्रत्येक जुनी वस्तू सुटी सुटी दिसते. खुर्चीचा बदामी वेत, कपाटाचं तांबूस लाकूड, लॅम्पचं पितळ, सगळी जणू एकमेकांची ओळख नसलेली माणसं. त्यांना एकत्र आणायचं काम रंग करतो. म्हणून रंग निवडताना भिंतीकडे बघू नका, वस्तूंकडे बघा.

हे नुसतं माझं मत नाही. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात भिंतीवर टांगायची भरजरी विणकामं तयार होत. तिथे 1824 पासून मिशेल यूजीन शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ रंगकामाचे प्रमुख होते. त्यांच्याकडे तक्रार आली की काळा धागा हवा तितका काळा दिसत नाही, रंग कच्चा आहे. त्यांनी धागे तपासले, तर रंगात काहीच खोट नव्हती. काळ्याच्या शेजारी निळे-जांभळे धागे विणले होते, त्यांच्यामुळे काळा फिका वाटत होता. त्यावर त्यांनी पुढे बरीच वर्षं काम केलं आणि 1839 मध्ये ते प्रसिद्ध केलं. कुठलाही रंग एकटा दिसत नाही, शेजारचा रंग त्याला आपल्या विरुद्ध टोकाला ढकलतो, हे त्याचं सार.

आता तुमचं कपाट बघा. लाकडाचा तपकिरी म्हणजे खरं तर काळोखी नारिंगी. वेत, पितळ, तांबूस पॉलिश, सगळी त्याच घराण्यातली. रंगांच्या वर्तुळात नारिंगीच्या समोरच्या टोकाला काय येतं? निळा आणि त्याच्या आसपासचे निळे-हिरवे. म्हणून मोरपंखी भिंतीपुढे जुनं लाकूड आतून दिवा लावल्यासारखं उजळतं, आणि क्रीम भिंतीपुढे तेच लाकूड मळकट वाटतं. घरातली कुठलीही मोरपंखी ओढणी किंवा चादर घेऊन कपाटाच्या मागे धरा आणि चार पावलं मागे या. मला जे लिहून पटवता येणार नाही ते तुम्हाला तिथे दिसेल.

पिवळ्याबद्दल मी तुम्हाला नाउमेद करणार नाही, तो सुंदरच रंग आहे. क्लोद मोने या चित्रकाराने जिव्हेर्नीच्या आपल्या घरात जेवणाची खोली पिवळी केली होती. भिंती पिवळ्या, कपाटं पिवळी, खुर्च्यासुद्धा पिवळ्या, आणि भिंतींवर जपानी छापचित्रं. आजही तिथे जाणारे लोक त्या खोलीत थबकतात. पण त्यांनी लाकूडही रंगवून टाकलं होतं, हे विसरू नका. तुम्हाला तर आजीच्या खुर्चीचा वेत वेतासारखाच दिसायला हवा आहे. पिवळ्या भिंतीपुढे तो भिंतीत विरून जाईल. शिवाय तुमची खोली पश्चिमेची. उतरत्या उन्हात तांबडा-पिवळा प्रकाश आधीच भरपूर असतो. पिवळी भिंत तो आणखी तापवेल आणि साडेचार-पाचला डोळे तिथे टिकणार नाहीत. मोरपंखी त्याच वेळी थोडा करडेपणाकडे झुकून शांत होतो. खोली पूर्वेची असती, फक्त सकाळी वापरायची असती, तर मी पिवळ्याच्या बाजूने उभी राहिले असते.

आणखी एक कारण आहे, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण तुम्ही संध्याकाळी बसणार आहात. चेक शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी 19व्या शतकाच्या सुरुवातीला टिपलं होतं, की दिवस मावळताना तांबडी फुलं आधी काळवंडतात आणि निळी-हिरवी उशिरापर्यंत उजळ राहतात. अंधुक प्रकाशात आपले डोळेच तसे वागतात. तुमची मोरपंखी भिंत कातरवेळी, दिवे लागण्याआधीच्या त्या अर्ध्या तासात, दिवसभरातली सगळ्यात देखणी दिसेल.

घरचे पांढऱ्याचा आग्रह धरतात, त्यांची भीती समजण्यासारखी आहे, पण ती अंधाऱ्या खोलीतून आलेली आहे. कमी उजेडाच्या खोलीत गडद रंग कोंदट होतो, हे खरं. तुमच्या खोलीत अडचण उलटी आहे, उजेड जास्त आहे. चांगला पांढरा रंग अंगावर पडलेल्या उजेडाचा 80 टक्क्यांहून जास्त भाग परत फेकतो. दुपारी तीन ते पाच पुस्तक उघडून बसलात तर पान आणि भिंत दोन्ही डोळ्यांवर येतील. गडद मोरपंखी साधारण दहावा हिस्साच परत देतो. याच प्रखर उजेडात फिकट रंग धुऊन निघतात. दुकानात जो निळसर वाटतो तो या खोलीत पांढराच दिसतो. म्हणून छटा निवडताना आतल्या खोलीसाठी घेतली असती त्याहून एक पायरी गडदच घ्या.

पण मोठा डबा लगेच आणू नका. लहान डबी आणा आणि दोन-दोन फुटांचे तीन पुठ्ठे रंगवा, प्रत्येकावर दोन हात, अगदी कडेपर्यंत. पुठ्ठ्याला पांढरी किनार ठेवू नका, आणि पांढऱ्या भिंतीवर थेट पट्टेही ओढू नका. पांढऱ्याच्या शेजारी कुठलाही रंग आहे त्याहून काळा दिसतो आणि माणूस घाबरून फिकटाकडे वळतो. एक पुठ्ठा पक्क्या भिंतीला टेकवा, एक काचेखालच्या बुटक्या भिंतीला, एक कपाटाच्या मागे. मग तीन दिवस नुसतं जाता-येता बघा. सकाळी, भर दुपारी, ऊन आत आल्यावर, कातरवेळी आणि दिवा लावून. माझ्या घरी हे केलं तेव्हा दुकानात जीव जडलेली एक छटा सकाळी अकराला इतकी प्लास्टिकसारखी दिसली, की मी तो पुठ्ठा उलटा करून ठेवला. जिच्याकडे मी आधी वळूनही पाहिलं नव्हतं, किंचित काळपट, शेवाळाकडे झुकणारी, तीच आज भिंतीवर आहे.

तीन बाजूंना काच असलेल्या खोलीत भिंत असते कुठे? एक पक्की, आणि काचेखालची गुडघाभर पट्टी. या दोन्ही एकाच मोरपंखीत घ्या. बुटकी पट्टी पांढरी ठेवली तर गडद भिंत एकटी पडते आणि मागे कुणी पडदा टांगल्यासारखी दिसते. आता खिडक्यांच्या चौकटी. त्याही त्याच रंगात घ्या, असं मी म्हणेन. पांढरी चौकट उन्हात चकाकते आणि बाहेरच्या झाडांवर चौकोनांची जाळी ओढते. गडद चौकट मागे सरते आणि नजर थेट बाहेर जाते. मात्र चौकटी लाकडाच्या असतील तरच हे करा. प्लास्टिकच्या असतील तर गडद रंगाने त्या उन्हात जास्त तापतात आणि वाकू शकतात. भिंतीला मॅट फिनिश घ्या, चकचकीत भिंत या उजेडात आरशासारखी डोळ्यांत जाते. चौकटींना हलकी चमक चालेल, कारण त्या पुसाव्या लागतात. छत फिकट राहू द्या, पण शुभ्र नको. पांढऱ्यात भिंतीच्याच रंगाचे थोडे थेंब टाकून घ्या.

फरशीकडे कुणी लक्ष देत नाही आणि तिथेच घोळ होतो. ऊन आधी फरशीवर पडतं आणि तिथून तिचा रंग घेऊन छतावर आणि माणसांच्या चेहऱ्यांवर चढतं. हिरवी सतरंजी अंथरलीत तर समोर बसलेली मैत्रीण आजारी दिसेल. विटकरी, गेरूसारखी किंवा वाळूच्या रंगाची घ्या, चेहरे टवटवीत दिसतील. गेरू आणि पिवडी या मातीतल्या रंगांचा एक फायदाही आहे. ते लोखंडाचे ऑक्साइड असतात आणि उन्हाला सहसा दाद देत नाहीत. पुष्कळसे झगझगीत गुलाबी आणि जांभळे मात्र उन्हात पाहता पाहता उडतात.

आता वस्तू. इथे मी तुमच्याशी थोडी कठोर होणार आहे, कारण त्या वस्तूंची मला काळजी वाटते. ऊन तुमच्या खोलीला सुंदर करतं आणि तेच जुन्या गोष्टींना मारतं. साधी काच उन्हातले थोडे अतिनील किरण अडवते, बाकीचे आत येतात. नुकसान फक्त त्यांनीच होतं असंही नाही, दिसणारा प्रकाश आणि उष्णताही आपापला वाटा उचलतात. काचेवर अतिनील किरण अडवणारी पारदर्शक फिल्म लावून घ्या, ती 99 टक्क्यांपर्यंत किरण अडवते. तरी ती लावली म्हणजे काहीही कुठेही ठेवता येईल असं समजू नका. रंग उडणं मंदावतं, थांबत नाही.

आईचा रेशमी पडदा त्या खोलीत लावू नका. हे मी जीव तोडून सांगते. माझ्याकडे माझ्या आईच्या एका जुन्या साडीचा पडदा होता, डाळिंबी रंगाचा. मी तो मोठ्या हौसेने उन्हाच्या खिडकीला लावला. दोन उन्हाळे छान गेले. मग एके दिवशी धूळ झटकायला हात लावला, तर तो घडीच्या रेषेत उभा फाटला. आवाजसुद्धा झाला नाही. बोटांत भुकटीसारखे धागे आले. रेशीम उन्हाला सगळ्यात आधी हार मानतं, हे मला तेव्हा कळलं. तुमचा पडदा आतल्या खोलीत, उन्हापासून दूर राहू द्या. इथे धागा बनतानाच त्यात रंग मिसळलेलं ॲक्रिलिक कापड घ्या. कापडाच्या रंगाचा उन्हातला पक्केपणा 1 ते 8 अशा श्रेणीत मोजतात, 6 च्या खालचं या खोलीसाठी घेऊ नका.

आजीची खुर्ची मात्र इथेच हवी. ती या खोलीची मालकीण आहे. पण काचेला चिकटवून ठेवू नका, पक्क्या भिंतीकडे सरकवा, जिथे ऊन पायांपर्यंत येईल आणि पाठीपर्यंत नाही. उन्हात वेत वाळतो आणि तडकतो. बैठक खाली झोळीसारखी आली असेल तर खुर्ची उलटी करा, कोमट पाण्यात पिळलेलं फडकं खालच्या बाजूने वेतावर ठेवा, तो ओला झाला की फडकं काढा आणि एक दिवस कुणालाही बसू न देता सावलीत वाळू द्या. वाळताना वेत आवळतो आणि बैठक पुन्हा ताठ होते. वरच्या चकचकीत बाजूने ओला करून उपयोग नाही, पाणी आत शिरत नाही. एखादी काडी तुटली असेल तर वेत विणणाऱ्याकडेच द्या. पिवळ्याची हौस इथे भागवा. हळदी पिवळ्याची एकच जाड उशी, मोरपंखीपुढे, वेतावर.

कपाट पक्क्या भिंतीला लावा. त्याआधी दोन गोष्टी बघा. एक, पॉलिश कसलं आहे ते. मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसाच्या बोळ्याने थोडं स्पिरिट लावा. पॉलिश चिकट झालं तर ते लाखेचं आहे. लाख उष्णतेने मऊ पडते, म्हणून उन्हाच्या दिवसांत त्यावर काच, फुलदाणी किंवा पुस्तकं फार वेळ ठेवू नका, चिकटून बसतात. दुसरं, लाकडात बारीक भोकं आहेत का. असली तर कपाटाखाली काळा कागद पसरा आणि काही आठवडे थांबा. कागदावर ताजी फिकट भुकटी पडली तर कीड जिवंत आहे. ते कपाट आत्ताच बाकीच्या लाकडापासून दूर न्या आणि आधी उपचार करून घ्या.

ट्रंक मोरपंखीपुढे उत्तम, बसायच्या जागेजवळ टेबल म्हणून. तिचा मूळ रंग सोलटला असेल तर सोलटलेलाच राहू द्या, पण कोरडी घासू नका. जुन्या रंगांत शिसं असायचं (अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर 1978 मध्ये बंदी आली), आणि घासल्यावर उडणारी धूळ श्वासातून जाते. घरात लहान मूल असेल तर रंगाच्या खपल्या त्याच्या हाती लागता कामा नयेत. ओल्या फडक्याने पुसून वर पारदर्शक वॉर्निशचे दोन हात द्या. पितळी लॅम्पचं वायरिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडून पूर्ण नवं करून घ्या. पितळाचा काळपटपणा घासून काढायची घाई करू नका, गडद भिंतीपुढे तो फार शोभतो.

आरशाची जागा नीट बघा. त्याचे डाग मला आवडले असते. पण उन्हाची तिरीप त्यावर पडून समोरच्या काचेतून तुमच्याच डोळ्यांत येईल अशा जागी तो लावू नका. दाढीच्या आरशासारखा मोठं करून दाखवणारा आरसा, भरीव काचेचे गोळे, पाण्याने भरलेली गोल काचपात्रं उन्हात अजिबात ठेवायची नाहीत. ती ऊन एका बिंदूवर एकवटतात, आणि त्यामुळे घरांना आगी लागलेल्या आहेत.

स्टुलांपैकी एक ठेवा, दुसरं दुसऱ्या खोलीत. गेलं म्हणून हळहळू नका. काही महिन्यांनी त्यांची अदलाबदल करता येईल. नणंदेचं बोलणं मनाला लागलं ते मी समजू शकते, पण त्यात एक उपयोगाचं निरीक्षण आहे. दुकानात प्रत्येक वस्तू गिऱ्हाइकाकडे तोंड करून उभी असते. घरात वस्तू एकमेकींकडे तोंड करून असतात. खुर्चीच्या हाताशी ट्रंक, ट्रंकेवर लॅम्प, लॅम्पचा उजेड पुस्तकावर. एवढी तिघांची बैठक जमली की बाकीच्यांना फक्त त्यांच्या मागे राहायचं आहे. रंग लागून महिना होईपर्यंत नवी खरेदी करू नका. पुढे कधी कुणी शंभर वर्षं जुनं म्हणून काही दाखवलं, तर ते उलटं करून स्क्रू बघा. चौफुलीच्या खाचेचे स्क्रू 1930च्या दशकात आले. ते दिसले तर वस्तू तेवढी जुनी नाही, किंवा मध्ये कुणीतरी दुरुस्त केली आहे. दोन्ही माहीत असलेलं बरं.

रात्रीचा विचार बहुतेक लोक शेवटी करतात. अंधार पडला की तिन्ही काचा काळे आरसे होतात. छतावर एकच मोठा दिवा असेल तर तो तीन ठिकाणी दिसेल आणि खोली रेल्वेच्या डब्यासारखी वाटेल. त्याऐवजी डोळ्यांच्या पातळीखाली दोन-तीन लहान दिवे ठेवा, पितळी लॅम्प त्यातला एक. बल्ब पिवळसर, 2700 केल्विनचे, आणि वेष्टणावर रंग दाखवण्याचा निर्देशांक (CRI) 90 किंवा वर लिहिलेले. हलक्या दर्जाच्या बल्बखाली मोरपंखी मेलेला करडा दिसतो, आणि मग लोक रंगाला दोष देतात.

राहिले फोटो. ते अकराही आजच उतरवा, रंगाचं काय व्हायचं ते होवो. त्या कागदावर ऊन रोज थोडं थोडं काम करतं आहे आणि गेलेला चेहरा परत आणता येत नाही. फ्रेमांमधून काढण्यापूर्वी कागद काचेला चिकटला आहे का ते बघा. चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करून घ्या. प्रती छापून त्याच जुन्या फ्रेमांत बसवा आणि अकराच्या अकरा पक्क्या भिंतीवर जवळजवळ लावा, दोन बोटांच्या अंतराने. मूळ फोटो सपाट पेटीत, काळोखात, घराच्या थंड भागात ठेवा. पेटीवर कोणाचे कोण आहेत ते लिहून ठेवा, सासूबाईंना किंवा आईला शेजारी बसवून. एकेका फोटोला वेळ लागेल, आणि लागू दे.